मोठ्या नेढ्याची सुई

आमच्या दुकानात गाठ पास की नापास हे नखावर ठरतं. माझ्या सासूने त्यासाठी उजव्या करंगळीचं नख खास वाढवलंय. ब्लाउजची बाही भरून झाली की ती टेबलावर पसरते आणि ते नख गाठींवरून दाबून ओढते, मासळीचे खवले काढतात तसं. घट्ट बसलेली गाठ जागची हलत नाही. सैल असेल तर मान वर काढते. आणि जिथून सुई वर आली त्याच भोकात कुणी ती परत खाली घातली असेल, तर गाठ गुपचूप कापडाच्या मागे जाऊन बसते. एक गाठ हलली तरी सासू अर्धं ब्लेड उचलून अख्खी ओळ उडवते. चुकलेली एक गाठ नाही, अख्खी ओळ. "आता ध्यानात ऱ्हाईल," म्हणते आणि ब्लेड कागदात गुंडाळून ठेवते.

या बाईने जन्मात कधी सुईत दोरा ओवलेला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात याचा मोठा हात आहे.

कोपरखैरण्याच्या गावठाणात आमची चार मजल्यांची बिल्डिंग आहे. वरचे मजले भाड्याने, पहिल्या मजल्यावर आम्ही, खाली गाळ्यात ब्लाउजचं दुकान. आम्ही आगरी. आमच्यात हळदीला डीजे आणि गावजेवण तर असतंच, पण त्याच्याही आधी ब्लाउज. नवरीचा हळदीचा वेगळा, लग्नाचा वेगळा, पूजेचा वेगळा. मग करवल्यांचे एकसारखे, मावश्यांचे एकसारखे, आणि एखादी आत्या असतेच जिला कोणासारखाच नको असतो. मशीनचं भरतकाम आता गल्लोगल्ली मिळतं, म्हणून आमच्या बोर्डावर 'फक्त हातकाम' असं लिहिलंय. त्यातले हात माझे. लग्नाआधी नवऱ्याने मला विचारलं होतं, "तुला भरतकाम आवडतं ना?" मी लाजून हो म्हटलं. मला वाटलं, माझी आवड विचारतोय.

आमचा सगळा धंदा दोन गाठींवर चालतो. एक साधा गाठीचा टाका, ज्याला आता सगळ्या जणी फ्रेंच नॉट म्हणतात. सुई वर काढायची, दोरा डाव्या हाताने ताणून धरायचा, सुईला दोन वेढे द्यायचे आणि पहिल्या भोकाच्या शेजारी, एका धाग्याची जागा सोडून, सुई खाली घालायची. डाव्या हातातला दोरा शेवटपर्यंत सोडायचा नाही. सोडला की गाठ फुसकी होते, वरून दिसायला टपोरी आणि आत काही नाही.

दुसरी बुलियन. ती लांबट, अळीसारखी गाठ. सुई एका टोकाला खाली घालून दुसऱ्या टोकाला अर्धीच वर काढायची, तिच्या टोकावर दोरा गुंडाळत जायचा, वेढ्याला वेढा चिकटून, एकावर एक न चढवता. मग सगळे वेढे डाव्या अंगठ्याखाली दाबायचे आणि सुई त्यांच्यातून अलगद ओढून काढायची. मधे दोन-तीन साध्या गाठी आणि भोवती अशा अळ्या वळवून बसवल्या की गुलाब होतो. बायका त्याचे फोटो काढून एकमेकींना पाठवतात.

बुलियनला खरी किंमत सुईची. नेढं, म्हणजे दोरा ओवायचं भोक असतं तो भाग, सुईच्या अंगापेक्षा जाड असता कामा नये. मोठ्या नेढ्याची सुई ओवायला सोपी, पण बुलियनला घेतली की अंग वेढ्यांतून निघतं आणि नेढं अडकतं. जोर लावला की वेढे चुरगळतात, दोरा पिंजतो, कधी तुटतो. आमच्या डब्यात दोन्ही जातींच्या सुया असतात. लांबून बघितल्या तर सारख्याच दिसतात.

माझा बाप गेला त्या दिवशी मी बुलियनचे गुलाब करत होते. सकाळी भावाचा फोन आला. बापाला वाशीच्या हॉस्पिटलमध्ये ठेवलंय, श्वास लागलाय, तुझं नाव घेतोय, ये. कोपरखैरण्याहून वाशी म्हणजे काय, रिक्षात बसलं की आलंच. मी चप्पल घातली. सासू म्हणाली, "त्या नवरीची हळद आजच हाय. दोन बाह्या ऱ्हायल्यान. तेवढ्या कर नि जा. तू काय डॉक्टर हायस, तिथं जाऊन करनार काय?" नवरा तिथेच उभा होता. तो म्हणाला, "आई बोलते ते पण बरोबर आहे." या वाक्याशिवाय माझ्या नवऱ्याने संसारात फारशी भर घातलेली नाही.

घाईत बुलियन होत नाही. हात थरथरला की वेढे एकमेकांच्या डोक्यावर चढतात. तरी मी एक बाही केली, दुसरी केली. सासूने नख फिरवलं. एका गुलाबाच्या मधल्या गाठी हलल्या. मी म्हटलं, "आई, आल्यावर करते. पाया पडते तुमच्या." तिने ब्लेड उचललं. तो गुलाब उडवला, मग दुसऱ्या बाहीवरचा त्याच्या जोडीचाही उडवला, दोन्ही सारखे दिसायला हवेत म्हणून. मी परत बसले. अर्धं काम झालं होतं तेव्हा भावाचा पुन्हा फोन आला. तो बोललाच नाही, नुसता रडत होता.

मी गुलाब पूर्ण केले. का केले ते मला विचारू नका. हात चालत होते आणि मी त्यांच्याकडे बघत होते. पुढच्या आठवड्यात सासूने मला त्या नवरीच्या हळदीचा व्हिडिओ दाखवला. पोरीला डोक्यापासून पायापर्यंत माखलेलं, दोन्ही बाह्या पिवळ्याजर्द, गुलाब कुठे नि गाठी कुठे. सासू म्हणाली, "फिटिंग चांगली बसलीय."

सोडून का नाही गेलीस, असं मला बऱ्याच जणींनी विचारलं. विचारणाऱ्या सगळ्या जणी आपापल्या सासरीच आहेत.

त्यानंतर सासूने धाकट्या दिराला मुलगी बघायला घेतली. दीर मोबाईलमधून मान वर काढत नसे, त्याला कुठलीही चालली असती. सासूला चालणार नव्हती. मला चष्मा लागला होता, मान धरत होती, माझा वेग उतरला होता. ती गिऱ्हाइकांना सांगायची, "आमची आता म्हातारी झाली," आणि मी तिशीतली बाई समोर बसून हुक लावत असायची. तिला सून नको होती, नवे हात हवे होते. बाहेरची कारागीर ठेवली तर ती आठवड्याची सुट्टी मागते, आजारी पडते, शेजारच्या दुकानात निघून जाते. सुनेला यातलं काही करता येत नाही.

जासईला एका हळदीला गेलो होतो. तिथे सासूने एका पोरीला बोलता बोलता जवळ ओढलं, दंडावर हात ठेवला आणि बाहीची कड उलटी करून भरतकामाची मागची बाजू बघितली. मग मायेने गालावरून हात फिरवावा तसं तिने त्या दंडावरून नख फिरवलं. "कोनी भरलंय गो?" पोरगी म्हणाली, "मीच." पंगत बसेपर्यंत सासूने तिचं घर कुठलं, बाप काय करतो, भाऊ कंटेनर यार्डात ट्रेलर चालवतो, हे सगळं काढून घेतलं होतं. परतताना गाडीत ती म्हणाली, "मागची बाजू पुढच्यासारखीच हाय." एवढं कौतुक तिने कुठल्या जिवंत माणसाचं केलेलं मी तरी ऐकलं नव्हतं.

मीही त्या पोरीला नीट बघून घेतलं होतं. विशीतली, हसरी, पदर खोचून नाचत होती, आणि नाचताना तिची मान ताठ होती. गाडीच्या मागच्या सीटवर बसून मी ठरवलं, ही पोरगी आमच्या घरात येणार नाही. मी येऊ देणार नाही. माझ्या बाबतीत जे झालं ते झालं, पण दुसऱ्या कुणाच्या बापाने आमच्या दुकानापायी पोरीची वाट बघत मरायचं नाही. एवढं एक काम मी या जन्मात करणार होते. कसं करणार होते, त्याचा पत्ता नव्हता.

आमच्यात मुलाकडचे मुलीच्या घरी बघायला जातात. सासूने उलटं केलं. "पोरीला घेऊनच या, घर बघू दे तिला पन. आमी काय जुन्या विचाराचे नाय," असा निरोप धाडला. मुलीकडचे खूश. मोठं घर, स्वतःची बिल्डिंग, वर विचार पण मॉडर्न. रविवारी दुपारी आई, बाप आणि ती असे तिघे पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले. बापाने इस्त्रीचा सदरा घातला होता आणि तो सोफ्याच्या अगदी कडेला बसला होता.

सासूने पोरीला माझ्याबरोबर आत पाठवलं. "जा गो, तुज्या जावेला चा करायला मदत कर." होकाराचा पत्ता नाही आणि जाव. चहा उकळेपर्यंत आम्ही दोघी ओट्याशी उभ्या होतो. बाहेर टीव्ही चालू होता, आतलं बोलणं बाहेर गेलं नसतं. मी सकाळपासून मनात जुळवून ठेवलं होतं. इथे नको येऊस, हे लोक तुझे हात खातील. एवढंच. पण पोरगी समोर उभी राहिली आणि माझी पाचावर धारण बसली. हिने जाऊन आईला सांगितलं तर? आईने सगळ्यांसमोर सासूला विचारलं तर? तिघे जासईला निघून जातील आणि मी त्या घरात राहीन, ब्लेडसमोर. मी विचारलं, "साखर किती घालू?" ती म्हणाली, "घाला तुमाला वाटंल तेवडी." तिने कप पुसून ट्रेमध्ये मांडले. तीही काही बोलली नाही. मला वाटलं, लाजतेय.

चहा झाला, पेढे झाले, आणि सासू म्हणाली, "आमचं घर म्हनजे भरतकामाचं घर. पोरी, एक गुलाब काढून दाखव. आमाला पन डोळ्यानं बघू दे." पोरीचा बाप हसला. त्याला तो कौतुकाचा खेळ वाटला. पूर्वी मुलींना चालून दाखवायला सांगायचे, केस सोडून दाखवायला सांगायचे, आणि ते आठवलं की आता आम्ही सगळे नाकं मुरडतो. इथे सहा माणसांसमोर एक पोरगी गुलाब काढून दाखवणार होती आणि कुणालाच त्यात काही खटकलं नाही. सासूने मला खाली डबा आणायला पाठवलं.

दुकानात डबा उघडला आणि मला सुचलं. तोंडाने बोलता आलं नाही ना, ठीक आहे. बारीक नेढ्याच्या सगळ्या सुया मी काढून मशीनच्या खणात टाकल्या. डब्यात मोठ्या नेढ्याच्या तेवढ्या ठेवल्या, त्यातली सगळ्यात जाड नेढ्याची निवडली आणि गुलाबी दोरा ओवला. सासूला फरक कळणार नव्हता, तिची अक्कल नखापाशी संपते. पोरगी अडकेल, दोरा तुटेल, चारचौघांत खजील होईल, कदाचित रडेल. रडू दे. एक दुपार रडून आयुष्यभराची सुटेल. जिना चढताना मला अंगात वारं आल्यासारखं झालं होतं. इतक्या वर्षांत त्या घरात मी पहिल्यांदा माझ्या मनाचं काहीतरी करत होते.

तिने डब्यातली भरतकामाची रिंग घेतली, कापड लावलं, पण स्क्रू धड आवळलाच नाही. कापड मधे लोंबत होतं. घाबरली बिचारी, मी मनात म्हटलं, बरंच आहे. मग तिने माझ्या हातातून सुई घेतली. चिमटीत धरून टोकापासून मागे बोटं नेली आणि नेढ्यापाशी थांबली. तिने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. सासूकडे नाही, माझ्याकडे. तिचे कान लाल झाले होते. मी नजर खाली घातली नाही. मला तिला सांगायचं होतं, हो, मुद्दाम दिलीय, ऐक माझं, जा इथून. डोळ्यांनी एवढं सगळं सांगता येतं असं मला तेव्हा वाटत होतं.

तिने रिंगचा स्क्रू आवळला. कापडावर टिचकी मारली, तडतडीत आवाज आला. मधल्या गाठी घातल्या, मग बुलियनसाठी सुई अर्धी वर काढली आणि वेढे दिले, नेहमीपेक्षा जरा सैल, पण एकसारखे. सुई ओढत आणली. नेढं वेढ्यांना टेकलं तशी ती थांबली. तिने सुई ओढली नाही. चिमटीत धरून ती हळूहळू फिरवली, कुलपात किल्ली फिरवतात तशी, आणि डावा अंगठा किंचित उचलला. वेढे उघडले, नेढं त्यांच्यातून सरकलं, वेढे परत मिटले. मग तिने दोरा आधी वर ओढला, मग खाली ओढला, आणि अळी आपल्या जागी गप पडून राहिली.

मी जन्मभर बुलियन करत आलेय. मला हे कधी सुचलं नव्हतं.

त्याच सुईने तिने अख्खा गुलाब पूर्ण केला. सासूने नख फिरवलं, एकदा हलकं, एकदा जोर लावून. काही हललं नाही. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी माझ्या लग्नातही बघितलं नव्हतं. तिने उठून पोरीच्या तोंडात पेढा कोंबला. बापाने विचारलं, "काय गो, तुला काय वाटतं? बोल आताच." पोरगी पेढा गिळून म्हणाली, "मना पसंत हाय." हे बोलतानाही ती बघत माझ्याकडेच होती. आणि माझा मूर्खपणा असा की मला तिची कीव आली.

तिच्या हळदीच्या ब्लाउजचं कापड सासूने जासईला पाठवून दिलं. "घरचीच हायस, तूच भर. माप पन तुलाच ठाऊक." पोरीने स्वतःच्या लग्नाचे सगळे ब्लाउज स्वतः भरले, वर सासूचाही भरला. वरातीत सासू सगळ्यांना तो दाखवत फिरत होती.

घरात आल्यावर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. दुकानात दारापाशी उजेडाची जागा माझी होती, ती तिला मिळाली. मी मागे, फॉल आणि हुक. गर्दीच्या दिवसांत मी भरलेल्या बाह्या ती हातात घ्यायची, सासूकडे बघायची आणि म्हणायची, "वैनी, ही गाठ सैल हाय." सासूला नखही उचलावं लागत नव्हतं. गिऱ्हाइकाने एखाद्या कामाला नाक मुरडलं की ही शांतपणे सांगायची, "ते माजं नाय, वैनीचं हाय." माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. जिला वाचवायला मी जीव टांगणीला लावला तीच माझ्या डोक्यावर मिरी वाटत होती.

मी काही ऐकून घेणारी नाही. दीर तिच्याकडे बघत नाही, मोबाईल उशाशी घेऊन झोपतो, हे घरात सगळ्यांना दिसत होतं. मी ते एकदा तिला गिऱ्हाइकांदेखत बोलून दाखवलं. ती वेढे देत होती. तिचा हात थांबला नाही, पण त्या दिवशी ती जेवली नाही. मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशीही बरंच वाटत होतं.

पहिला सीझन संपला तेव्हा तिची मान वाकडी झाली होती. ती खुर्चीतून उठायची आणि आधी भिंतीला हात लावून उभी राहायची. मग मानेला बाम चोळायची. तो वास मला ओळखीचा होता.

दुसऱ्या वर्षी तिच्या भावाचं लग्न ठरलं. ट्रेलर चालवणारा तो एकुलता एक भाऊ. मुहूर्त सगळ्यांचे तेच असतात, त्यामुळे त्याची हळद आणि आमच्या निम्म्या गिऱ्हाइकांची हळद एकाच दिवशी आली. ती करवली. तिच्या माहेरच्या सगळ्या करवल्यांचे ब्लाउज आमच्याच दुकानात आले आणि तिनेच भरले. स्वतःचा मात्र राहिला, कारण सासू रोज नवी बाही समोर टाकत होती. हळदीच्या दिवशी सकाळी ती बॅग भरून खाली आली. सासूने टेबलावर तीन पिशव्या ठेवल्या. "एवढं करून जा. हळद काय पळून जाते? तू गेलीस नाय तरी ती लागनारच हाय." नवरा नेहमीचंच वाक्य बोलला. या वेळी दिराने मान डोलावली.

ती बसली. एकही बाही परत आली नाही, एकही गाठ हलली नाही. तिने सगळं पूर्ण केलं आणि साध्या, न भरलेल्या ब्लाउजवर रिक्षात बसली. नंतर कळलं, ती पोचली तेव्हा भावाला हळद लागून आंघोळ झाली होती. करवलीच्या जागी चुलत बहीण बसली होती, हिनेच भरलेला ब्लाउज घालून. भाऊ तिला म्हणाला, "तुजी किती वाट बघितली." एवढंच म्हणाला.

लग्न उरकून ती परत आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्चीत बसली. सासू बाजारात गेली होती. दुकानात आम्ही दोघीच. ती वेढे देत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. हात नेहमीच्याच वेगाने चालत होते. मला ते बघवेना. माझा बाप आठवला, माझे हात आठवले. मी उठून तिच्यासमोर उभी राहिले आणि इतकी वर्षं जे पोटात ठेवलं होतं ते बोलले. बापाचं सांगितलं. गुलाबांचं सांगितलं. म्हटलं, "म्हणून मी तुला ती सुई दिली होती. तू नापास व्हावीस म्हणून. तुला इथे येऊ द्यायचं नव्हतं मला. तुझ्या वाईटावर नव्हते गं मी, वाचवायला बघत होते."

मला वाटलं, ती आता रडेल. माझ्या गळ्यात पडेल असंही वाटलं. खोटं कशाला बोलू, मी त्याचीच वाट बघत होते.

तिने बाही मांडीवर ठेवली. "वैनी," ती म्हणाली, "मी त्या दिवशी ठरवूनच आलेले. मना हा पोऱ्या पसंत नव्हता. बापसाला मी तसं बोलले होते. तो बोलला, एवडं मोठं घर हाय, आपन नाय बोलायचं नाय. त्यांच्याकडनं नकार आला तं मी तुज्यावर जोर नाय करनार. तुमच्या सासूचं नख आमच्या गावातपन ठाऊक हाय. म्हनून मी गुलाब बिघडवनार होते. नुसता गोळा करून दाखवनार होते."

मी म्हटलं, "मग बिघडवला का नाहीस?"

"तुमी ती सुई दिली ना," ती म्हणाली. "मना वाटलं, ही बाय सगल्यांसमोर माजं हसं करते. हिला वाटतं मना बुलियन येत नाय. माजं डोकंच फिरलं. बाकी काय दिसलंच नाय मना, नुसता तो गुलाब दिसत होता. तुमची जिरवायला पसंत हाय पन बोलून बसले." तिने पदराने नाक पुसलं. "चा उकळेपर्यंत आपन दोघीच होतो आतमधी. तुमी एक शब्द बोलल्या असत्या तं मी पन बोलले असते."

मी अजून तिच्या आणि दाराच्या मधे उभी होते. तिने सुई परत हातात घेतली आणि वेढे द्यायला सुरुवात केली.

"सरका वैनी," ती म्हणाली, "उजेड अडवताय."